मदत हवी आहे: फायकस व्हेरिगाटा झाडासमोर शंखाचा फोटो येतोय

कातळसडा
याद्या जोडल्या की झाडासमोर शंख लागतो. स्पेलिंग बरोबर आहे. यादी उद्या द्यायचीये. कुठली नोंद उडवू?

ओहोटी
कसल्या याद्या, कुठल्या भागातल्या? जोडताय कशात? नावापुढे लेखक (ते नाव देणारा शास्त्रज्ञ) आहे का?

कातळसडा
अंदमान. एक झाडांची, एक किनाऱ्यावरच्या प्राण्यांची. एक्सेल, व्हीलूकअप (दुसऱ्या यादीतून जुळणारी ओळ शोधणारं सूत्र). फोटोंची फाइल वेगळी. लेखकाचा रकाना काढून टाकला, त्याचा काय उपयोग?

ओहोटी
उपयोग इथेच होता! काहीही उडवू नका, दोन्ही नावं वैध आहेत. फायकस व्हेरिगाटा ब्लूम, 1825 हे उंबराच्या गोतातलं झाड. फायकस व्हेरिगाटा रोडिंग, 1798 हा समुद्री शंख. वनस्पती आणि प्राणी यांच्या नामकरणाच्या संहिता स्वतंत्र आहेत, त्यामुळे एकच नाव दोन्हीकडे चालतं. व्हीलूकअप वरून पहिली सापडलेली ओळ उचलतो. तुमच्या फोटो-फाइलमध्ये शंख वर असणार.
'सृष्टी' (वनस्पती किंवा प्राणी) असा रकाना घाला, सृष्टी + उभी रेघ + नाव अशी 'की' (जुळणीची किल्ली) करा. व्हीलूकअपचा चौथा भाग फॉल्सच (तंतोतंत जुळणी) ठेवा.

बागवेडा
व्हेरिगेटेड फायकस जागा बदलली की पानं टाकतो. वरची माती सुकल्यावरच पाणी द्या.

पानगळ
@बागवेडा, ते कुंडीतलं फायकस बेंजामिना. या झाडाला फळांचे घोस थेट खोडावर लगडतात.
@ओहोटी, सृष्टी अपुरी. एकाच सृष्टीतही समनामं (एकच नाव, जीव वेगळे) निघतात. कीमध्ये लेखक हवाच.

ओहोटी
लेखक घातला तर की मोडणारच. रोडिंगच्या ओवर कुणी दोन टिंबं देतं, कुणी नाही. लिनिअसचं नाव कुठे 'एल.', कुठे पूर्ण. त्यापेक्षा शंखाला वर्म्सचा (समुद्री जीवांची जागतिक नोंदवही) अ‍ॅफिया क्रमांक, झाडाला इप्नीचा (वनस्पतींच्या नावांची सूची).

पानगळ
क्रमांक हाताने भरणार कोण? जीबीआयएफच्या (जैवविविधतेच्या नोंदींचं जागतिक संकेतस्थळ) नावजुळणीत सृष्टी दिली तर काम होतं. न दिल्यास दोन तोडीस तोड नावांमुळे उत्तर रिकामं येऊ शकतं.

उंबरफूल
उंबरात किडे असतात, मग उपासाला चालतं का?

ओहोटी
वेगळा धागा काढा.

कातळसडा
की केली. आता सगळीकडे #एन/ए (सापडलं नाही)!!

पानगळ
फोटोंच्या फाइलमध्ये केली का? तिथे की सगळ्यात डाव्या रकान्यात लागते.

कातळसडा
ती उजवीकडे होती. हलवली. तरी काही ओळी तशाच.

ओहोटी
नावं वेबवरून चिकटवलीत ना? त्यात 160 क्रमांकाची न तुटणारी जागा येते, ट्रिम (जादा जागा काढणारं सूत्र) तिला हात लावत नाही. आधी सब्स्टिट्यूटने कॅर(160) च्या जागी साधी जागा घाला, मग ट्रिम. दोन्ही फायलींत.