हायस्पीड ट्रॉलरचा पुरावा द्यायचा तरी कसा?

दांडीवाला
मालवणात आमची गिलनेटची (पाण्यात उभी जाळी लावून मासे अडकवायची) लहान होडी आहे. परवा पहाटे साडेतीनला बारा वाव खोल पाण्यात बाबांची जाळी लागली होती. परराज्यातले तीन हायस्पीड ट्रॉलर, म्हणजे जाळं ओढत मासे धरणाऱ्या वेगवान बोटी, त्यावरून आपली जाळी ओढत गेले. सात जाळ्यांपैकी चार गेली. तक्रार द्यायला गेलो तर 'बोटीचा नंबर आणा' म्हणाले. बॅटरी मारली की तिकडून शिशाची वजनं येतात, नंबर वाचायचा कसा? माझ्या मोबाईलमध्ये काळोख आणि तीन पांढरे ठिपके आहेत.

रापणकार
आमचा पण ह्याच झाला. फोटो काढलंस ता बरा केलंस, पण ठिपक्यांका कोण दंड करतलो?

निवृत्त परवाना अधिकारी
नंबर मिळाला तर सोनंच, पण नसला म्हणून तक्रार अडत नाही. वेळ, अक्षांश-रेखांश, ट्रॉलर कुठल्या दिशेने ओढत होते, केबिनचा रंग काय, एवढं त्याच दिवशी लेखी द्या आणि पोच घ्या. जागा बारा सागरी मैलांच्या आत आहे हे त्यातून दिसलं पाहिजे, कारण तिथवर राज्याचा कायदा चालतो.

राज्याच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आधी ही प्रकरणं तहसीलदारांपुढे जायची, आता मत्स्यव्यवसाय खात्याचेच अधिकारी निवाडा करतात. परराज्यातल्या नौकेला दोन ते सहा लाख दंड, वर मासळीच्या किमतीच्या पाचपट. पूर्वी सगळं त्या किमतीवरच अडायचं. एकदा आम्ही जाळं पाण्यात असतानाच एक ट्रॉलर धरला. ओढ चालू असली की त्याला पळता येत नाही, एरवी आमच्या भाड्याच्या लाकडी गस्तीनौकेला तो कसला सापडतो! बंदरावर आणेपर्यंत बर्फ संपला, म्हाकूल (स्क्विड) मऊ पडलं आणि लिलावात बोली इतकी खाली गेली की दंड ऐकून ट्रॉलर चालवणारा तांडेल चक्क हसला.

हर्णै
जानेवारी २०२५ पासून गस्तीला ड्रोन आहेत ना? आणि प्रखर दिवे लावून मासळी गोळा करणाऱ्या एलईडीवाल्यांचं काय?

निवृत्त परवाना अधिकारी
ड्रोनने बोट दिसते. ती पळाली की मागे बोटच लागते.

एलईडीवाले जास्त हुशार. दिव्यांची नौका वेगळी, पर्ससीनची (मासळीला घेरणाऱ्या मोठ्या जाळ्याची) वेगळी. धरायला जावं तर एकीवर जनरेटर आणि दिवे, पण मासळीचं खवलं नाही. दुसरीवर बांगड्याचा ढीग, पण एक बल्ब नाही. दोघेही म्हणणार, आम्ही एकमेकांना ओळखतच नाही. दंड पाच ते वीस लाखांचा आहे, पण दोन्ही नौका एकत्र गाठल्याशिवाय तो लावायचा कोणाला? बारा मैलांपलीकडे केंद्राची बंदी २०१७ पासून आहे, म्हणून हे त्या रेषेवरच घुटमळतात. आत आपण आलो की ते बाहेर.

दांडीवाले, होडीवर जीपीएस आहे का?

दांडीवाला
आहे, जुना. त्यात बाबांनी खडकांच्या खुणा साठवल्यात. आत्ता विचारलं तर म्हणाले, जाळी टाकतानाची खूण ते रोजच मारतात, नाहीतर उठवायला सापडणार कशी! परवाची अजून आहे. सकाळी कागदावर उतरवून नेतो.