'शमुवेल' नावाचा नेमका अर्थ काय? हिब्रू जाणणाऱ्यांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बहिणीला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. बायबलमधल्या शमुवेल संदेष्ट्याची आई हन्ना हिने देवाकडे मूल मागितल्याची गोष्ट या काळात तिचा मोठा आधार होती, त्यामुळे बाळाचं नाव शमुवेल ठरलंय. बाप्तिस्म्याच्या दिवशी नावाचा अर्थ सांगायचं माझ्याकडे आलंय.

नावांच्या बहुतेक याद्यांत 'देवाने ऐकले' असा अर्थ देतात. पण हिब्रूत 'ऐकणे' म्हणजे शामा, आणि त्याच्या शेवटी आयिन हे अक्षर असतं. इश्माएलच्या नावात ते आहे (उत्पत्ती १६:११). शमुवेल लिहितात शिन, मेम, वाव, अलेफ, लामेद असं. यात आयिन नाहीच.

हन्ना स्वतः वेगळंच कारण सांगते: परमेश्वराकडे मागितला म्हणून (१ शमुवेल १:२०). मागणे म्हणजे शाआल. या एका अध्यायात हा धातू ७ वेळा येतो आणि २८व्या वचनात तर सरळ 'शाऊल' हेच रूप आहे. म्हणजे अक्षरं जुळतात ती शौल राजाच्या नावाशी! म्हणून काही अभ्यासकांना ही जन्मकथा मुळात शौलाची वाटते. मला ते पटत नाही. एली याजक, शिलोचं मंदिर, मंदिरात वाढणारं मूल, यातलं काहीही कीशाच्या मुलाशी, म्हणजे शौलाशी, जुळत नाही. उलट पुढे लोक राजा 'मागतात' तेव्हा हाच धातू येतो (१२:१३), त्यामुळे लेखकाने दोन्ही नावं मुद्दाम एकमेकांसमोर ठेवली असावीत असं वाटतं.

व्याकरणाच्या अंगाने 'शेम' (नाव) आणि 'एल' (देव) ही फोड मला सर्वांत सरळ वाटते. पनिएल आणि पनुएल ही एकाच ठिकाणाची दोन रूपं उत्पत्ती ३२ मध्ये आहेत, तसाच इथला 'उ' जुन्या विभक्तीचा धरला तर अर्थ 'देवाचे नाव' होतो. 'त्याचे' असा धरला तर 'त्याचे नाव एल'. मध्ययुगातले भाष्यकार दावीद किम्ही मात्र 'शाऊल मे-एल', म्हणजे देवाकडून मागितलेला, असं जोडून दाखवतात.

तर जाणकारांना विचारायचंय: या 'उ' बद्दल तुमचं मत काय? गणना ३४:२० मध्ये अम्मीहूदाचा मुलगाही शमुवेलच आहे. म्हणजे नाव आधीपासून प्रचारात होतं आणि हन्नाचं वाक्य उच्चारसाम्यावर उभं आहे, असं म्हणणं बरोबर होईल का?

बेने इस्राएल (मराठी ज्यू) मंडळी इथे असतील तर त्यांनाही विनंती. १७९६ साली मुंबईतलं पहिलं सिनेगॉग बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे सामाजी हसाजी म्हणून ओळखले जात. तुमच्या घरांत वडीलधारी माणसं या नावाचा अर्थ काय सांगतात?

सध्या मी असं लिहून ठेवलंय: 'नावाचा अर्थ देवाचे नाव, आईने ते ठेवले कारण मूल देवाकडे मागितले होते.' यात काही चुकत असेल तर कृपया बाप्तिस्म्याच्या आत सांगा.