चेन मापात लावतोय पण मागचा नट आवळला की परत टाईट होत्या, मदत हवी आहे

फुलेवाडीकर: मंडळी अर्जंट आहे. चेन ढिली झाल्या, कव्हरला लागून कर्र कर्र वाजत्या. दोन्ही बाजूचे अ‍ॅडजस्टर सारखे फिरवून माप घेतो, बोटानं दाबून बघतो तर बरोबर, आणि अ‍ॅक्सलचा, म्हणजे मागच्या चाकाच्या दांड्याचा, नट आवळला की तारेगत ताणून बसत्या. उद्या गोकुळ शिरगावला फर्स्ट शिफ्ट आहे, आता गॅरेज बंद झालीत. नट किती आवळायचा तेवढं सांगा.

उद्यमनगर_टर्नर: गाडी कुठली भावा? ड्रम का डिस्क? आणि डबल स्टँडवर बघतोयस का साइड स्टँडवर?

बुलेटवाला_३५०: चेनसेटच बदल, चेन आणि दोन्ही चेनचाकं एकदम, लै वर्षं बघायला नको. आमच्या गाडीला मागं कॅम असतोय, दोन्हीकडच्या खाचा सारख्या मोजायच्या, विषय संपला.

उद्यमनगर_टर्नर: आधी लागतोय का ते तर बघूया. मागच्या चेनचाकावरची चेन मागं ओढायची, अर्ध्यापेक्षा जास्त दात उघडा पडला तर गेली. नसंल तर पैसे कशाला घालायचे.

फुलेवाडीकर: स्प्लेंडर, ड्रम ब्रेक, डबल स्टँडवर. चेन तेवढी सुटत नाही, बघितली. पण नटाचं कुणी सांगंना झालंय.

शाहूपुरी_राजू: इंजिन ऑइल १०डब्ल्यू३० वापरतोयस ना? वेळेवर बदलत जा, गाडी स्मूथ चालते.

कागलकर: चेन पेट्रोलनं धू आणि ९० नंबरचं गियर ऑइल सोड, आवाज जाईल. मी कायम तसंच करतो.

घाटवाट: पेट्रोल कशाला, आग लागायची. रॉकेल नाहीतर डिझेल, आणि ब्रश. ओ-रिंगवाल्या चेनला तर पेट्रोल लावायचंच नाही, रबर खराब होतं. आणि स्टार्ट गाडीला गियरमध्ये टाकून चेनला फडकं लावू नका कुणी, बोट जाईल. न्यूट्रलमध्ये हातानं चाक फिरवायचं.

कागलकर: स्प्लेंडरला ओ-रिंग कुठनं आणलीस? ती साधी चेन आहे.

घाटवाट: म्हणून तर रॉकेल म्हटलंय की. बाकी तुमच्याकडचे ऊसवाले रस्ते बघता चेन महिन्याला धुवायला लागणार, गगनबावड्याला जाताना मागच्या आठवड्यात काय चिखल होता सांगू नका.

उद्यमनगर_टर्नर: फुलेवाडीकर, ऐक. नुसता अ‍ॅक्सलचा मोठा नट ढिला करून चालत नाही. चेनच्या बाजूला स्लीव्ह नट असतोय, तो सैल नसेल तर ती बाजू जागची हलत नाही, अ‍ॅडजस्टर फिरवला तरी दुसरीच बाजू मागं येते, चाक तिरकं होतं. ब्रेकप्लेटला बांधून धरणाऱ्या दांडीचा, टाय रॉडचा नट पण सैल कर. दुसरं, अ‍ॅडजस्टरचा नट चिमट्याला, म्हणजे मागचं चाक धरणाऱ्या फ्रेमच्या भागाला, टेकलेला नसला तर अ‍ॅक्सलला सरकायला जागा राहते, आवळताना पान्याबरोबर तो मागं येतो आणि चेन ताणते. म्हणून चाक गुडघ्यानं पुढं दाबून धर, अ‍ॅक्सलचं डोकं दुसऱ्या पान्यानं धर, आणि फक्त नट फिरव. आवळल्यावर परत माप, कमी पडलं तर सगळं परत. माप म्हणजे चेनचा वर-खाली खेळ, साधारण इंचभर, २५ मिमी.

बुलेटवाला_३५०: चेन आणि मागच्या चेनचाकाच्या मधी फडकं घालून चाक मागं फिरवायचं, आपोआप पुढं बसतंय.

उद्यमनगर_टर्नर: स्प्लेंडरला पूर्ण कव्हर असतंय, फडकं कुठनं घालणार? रबरचं बूच काढून भोकातनंच बघायला लागतंय. आणि चाक फिरवून चार-पाच जागी बघ, चेन सगळीकडं सारखी झिजत नाही. सगळ्यात टाईट जागेला माप घ्यायचं, ढिल्या जागेला घेतलंस तर टाईट जागा गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर ताण देणार. मागं दोघं बसल्यावर चेन आणखी ताणते, त्यामुळं थोडी ढिली बरी, टाईट नको.

कागलकर: चिमट्यावरच्या खुणा जुळव की, एवढं काय.

उद्यमनगर_टर्नर: जुन्या गाडीच्या खुणांवर विश्वास नको. चिमट्याच्या पिव्होटपासून अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत दोन्हीकडं दोरीनं मोज. आणि नटाचं विचारतोयस तर पाइप लावून लोंबकळू नको, आटे जातात. टॉर्क पाना मिळाला तर मॅन्युअलमधल्या आकड्यावर आवळ.

फुलेवाडीकर: भावा, सापडलं! स्लीव्ह नट पार जाम होता, गॅरेजवाल्यानं कधी हलवलाच नसणार. तेल सोडून सैल केला, दोरीनं मोजलं तर डावी बाजू चांगली पुढं होती. आता आवळल्यावर पण चेन जागेवर राहत्या, टाईट जागेलासुद्धा इंचभर खेळ आहे. पण मागचा ब्रेक धरून राहिलाय, चाक सहज फिरंना.

उद्यमनगर_टर्नर: चाक मागं आलं म्हणजे ब्रेक रॉड ओढला जातोय. रॉडचा नट सोडत ये, चाक मोकळं फिरलं पायजे आणि पेडल २०-३० मिमी रिकामं जाऊन मग ब्रेक लागला पायजे. टाय रॉडचा नट आवळून त्याची पिन घालायला विसरू नको. ब्रेक दाबल्यावर मागची लाइट पेटते का ती बघ, आणि निघायच्या आधी गल्लीत एक चक्कर मारून अ‍ॅक्सलच्या नटावर पाना लावून बघ.

शाहूपुरी_राजू: ऑइलचं सांगितलं नाहीस.