कॅज्युअल्टी म्हणजे बळी नव्हे

प्रश्न

पहिल्या महायुद्धावरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. सॉमच्या लढाईबद्दल त्यात वाक्य आहे की पहिल्याच दिवशी, १ जुलै १९१६ रोजी, ब्रिटिश सैन्याच्या ५७,४७० कॅज्युअल्टीज झाल्या. मी लिहून मोकळी झाले, '५७,४७० ब्रिटिश सैनिक बळी पडले.' दोन परिच्छेद पुढे गेले तर मृतांचा आकडा १९,२४०! लेखकाचं चुकलं की माझं? माझं चुकलं असेल तर कॅज्युअल्टीला मराठीत म्हणायचं काय?

उत्तर

चुकलं तुमचंच, ताई, पण या चुकीला सोबत भरपूर आहे. वर्तमानपत्रं रोज हेच करतात.

लष्करी हिशेबात कॅज्युअल्टी म्हणजे उद्याच्या हजेरीला जो उभा राहणार नाही तो. मेला, जखमी झाला, बेपत्ता झाला, शत्रूच्या हाती लागला, सगळे त्यात धरायचे. सेनापतीला त्या रात्री एकच हिशेब हवा असतो : सकाळी लढायला किती उरले? तुमच्याच आकड्याची फोड बघा. १९,२४० मृत, ३५,४९३ जखमी, २,१५२ बेपत्ता आणि ५८५ कैदी. बेरीज बरोबर ५७,४७०. 'बळी' लिहून तुम्ही ३८,२३० माणसं जादा मारलीत.

खरं तर हा शब्द आपल्याला बातम्यांच्या आधी दवाखान्यातून माहीत झालेला असतो. सिव्हिलमध्ये अपघाताचा पेशंट आला की वॉर्डबॉय ओरडतो, 'आधी कॅज्युअल्टीत घ्या!' जीव वाचावा म्हणून तर तिथे नेतात. तोच शब्द युद्धाच्या बातमीत दिसला की मात्र बोटं आपोआप 'बळी' टंकतात.

मराठीत माझी पसंती 'हताहत'. हत म्हणजे मेलेले, आहत म्हणजे जखमी; समासातच दोघांची सोय झाली. कैदी आणि बेपत्ता त्यात बसत नाहीत, तेव्हा फोड दिलेली असेल तर सरळ वेगळं लिहावं. 'जीवितहानी' मुळीच नको, ती फक्त मृत्यूची. 'मनुष्यहानी' चालेल, पण जरा सैल आहे.

दुसरं उत्तर

'हताहत' ऐकलं की मला हिंदी बातम्यांची निवेदिका आठवते, हा माझा दोष असेल. पण आपल्या जुन्या कागदांत या एकेका प्रकाराला स्वतंत्र आणि रोखठोक शब्द आहे. मेले ते 'कामास आले'. लढण्याजोगे उरले नाहीत ते 'जायबंदी'. शत्रूने धरले ते 'पाडाव'. बखरीत माणसं पाडाव होतात, तसेच हत्ती-घोडेही पाडाव होतात. आज आपण 'पाडाव' म्हणजे पराभव समजतो, त्यामुळे बखर वाचताना विद्यार्थी फसतात. ज्याला नुसतं धरून नेलं, त्याला ते हरवून टाकतात.

आणि पानिपतानंतर आलेला तो सांकेतिक निरोप आठवा. दोन मोत्ये गळाली, मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. मोहरांच्या आकड्यात पाठभेद आहेत, ते सोडा. कॅज्युअल्टींचा अहवालच आहे हो हा! मोत्यांची गणती झाली, मोहरांची झाली. खुर्द्याची करायला कुणी उरलं नव्हतं.

तिसरं उत्तर

अनुवाद करताय म्हणून आणखी एक खड्डा दाखवतो. 'युद्धबंदी'.

मराठीत दारूबंदी, नसबंदी, तशी युद्धबंदी, म्हणजे लढाई थांबवणं. १९४९ ची काश्मीरमधली सीझफायर लाइन आपल्याकडे 'युद्धबंदी रेषा' होती. १९७२ च्या सिमला करारानंतर तिच्या जागी 'नियंत्रण रेषा' आली. हिंदीत मात्र युद्धबंदी म्हणजे युद्धात पकडलेला बंदी, आपला युद्धकैदी. मागे एका मजकुराचं मुद्रितशोधन करताना माझ्यासमोर वाक्य आलं : 'डिसेंबर १९७१ मध्ये ढाक्यात ९३ हजार युद्धबंदी झाले.' उघडच हिंदीवरून उचललेलं. एका महिन्यात ९३ हजार वेळा लढाई थांबली म्हणायची!

सीझफायरला 'शस्त्रसंधी' लिहावं, गोंधळ टळतो. पण आर्मिस्टिस आणि ट्रीटी यांना एकाच पोत्यात घालू नये. कोरियात २७ जुलै १९५३ ला आर्मिस्टिस झाला, तह अजूनही झालेला नाही. तह म्हणजे सालबाईचा, १७८२ चा : मुलूख कुणाचा, गादी कुणाची, सगळं ठरवून शिक्कामोर्तब. आर्मिस्टिसला मी 'युद्धविराम' लिहितो. शंभर टक्के समाधान होत नाही, पण तहाशी गल्लत तरी होत नाही.

चौथं उत्तर

मी साताऱ्याकडचा. घरात दोन पिढ्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत. तुमच्या लेखात प्लॅटून आली तर कृपा करून 'पलटण' लिहू नका. शब्द एकाच घरातले आहेत, पण अंगापिंडाने फार वेगळे. प्लॅटून म्हणजे तीसेक जवान. आमच्या वडिलांची 'पलटण' म्हणजे अख्खी बटालियन, सात-आठशे माणसं. पेन्शनीत गेल्यावरसुद्धा ते 'माझी पलटण' म्हणायचे तेव्हा आवाज बदलायचा. प्लॅटूनला 'तुकडी' चालेल, पण मग कंपनी, ब्रिगेड, डिव्हिजन सगळ्यांना तुकडीच म्हणायची आपली सवय सोडावी लागेल. त्यापेक्षा इंग्रजी नावंच ठेवा, फौजेत तीच बोलतात.

जाता जाता : महादजी शिंद्यांच्या कवायती फौजेच्या ब्रिगेडला 'कंपू' म्हणत. आता कंपू म्हणजे चहाच्या टपरीवर उभं राहून दुसऱ्याची उणीदुणी काढणारे चौघे. बढती सगळ्यांनाच मिळत नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. वाक्य असं केलंय : 'पहिल्याच दिवशी ब्रिटिशांचे ५७,४७० सैनिक हताहत, बेपत्ता किंवा कैद झाले, त्यांपैकी १९,२४० ठार.' लांबलंय, पण बेरीज जुळते. दादा, पुढच्याच पानावर प्लॅटून होती आणि मी खरोखरच पलटण लिहून ठेवली होती. आत्ता खोडली.