पाटी नाही तिथे वेगमर्यादा भरायची की नाही? (नाशिकचा ओपनस्ट्रीटमॅप)

गंगापूर_नाका

ओपनस्ट्रीटमॅपवर, म्हणजे आपण सगळे स्वयंसेवक मिळून भरतो त्या खुल्या नकाशावर, नाशिक उघडा. मंदिरं, एटीएम, मिसळीची दुकानं, गोदाकाठचे घाट, सगळं नीट भरलेलं आहे. रस्त्यांची वेगमर्यादा बघायला गेलं तर रकाना बहुतेक ठिकाणी रिकामा.

माझा प्रस्ताव असा. केंद्राची 6 एप्रिल 2018 ची अधिसूचना आकडे देते. चालक सोडून आठ आसनांपर्यंतच्या मोटारीला प्रवेश-नियंत्रित द्रुतगती मार्गावर 120, दुभाजक असलेल्या चौपदरी किंवा त्याहून मोठ्या रस्त्यावर 100, महापालिका हद्दीत 70, बाकी रस्त्यांवर 70. हद्दीत दुचाकी आणि मालवाहू गाडीला 60, तीनचाकीला 50. महापालिकेची हद्द नकाशावर आहेच. जोसममध्ये (नकाशा संपादनाचं सॉफ्टवेअर) हद्दीतले, मॅक्सस्पीड (वेगमर्यादेचा रकाना, म्हणजे टॅग) नसलेले सगळे रस्ते शोधून निवडायचे आणि 70 लावायचे. एका संध्याकाळचं काम आहे. नंतर कुणाला पाटी दिसली तर तिथला आकडा बदलेल. रिकाम्या रकान्यापेक्षा कायद्यातला आकडा बरा. विरोध असेल तर कारणासकट लिहा.

द्वारका_चौफुली

विरोध आहे, आणि कारण कायद्यातलं नाही, गणितातलं आहे.

मार्ग शोधणारं ओएसआरएम घ्या. त्याच्या मोटारीसाठीच्या मूळ मांडणीत मर्यादा न लिहिलेला वस्तीतला रस्ता ताशी 25 धरला जातो, त्याहून मोठ्या रस्त्यांच्या चढत्या वर्गांपैकी टर्शरी 40, सेकंडरी 55, प्रायमरी 65. मॅक्सस्पीड लिहिलेला असेल तर हे अंदाज बाजूला पडतात आणि लिहिलेल्या आकड्याच्या 0.8 पट वेग धरला जातो. तुम्ही सगळीकडे 70 लावलेत की सगळ्यांचा वेग 56. म्हणजे भद्रकालीतली बोळ आणि त्र्यंबक रोड यंत्राच्या लेखी एकच! मग जे अंतर कमी ते निवडलं जाणार. दोन रिक्षा समोरासमोर आल्या तर एकीला मागे घ्यावी लागते अशा गल्लीतून तुमचा आकडा गाड्या घालणार. रकाना रिकामा असताना हेच यंत्र शहाण्यासारखं वागत होतं.

दुसरं, हजारो रस्त्यांना एका फटक्यात टॅग लावणं हे स्वयंचलित संपादन झालं. त्याला आचारसंहिता आहे. आधी चर्चा, लेखी योजना, उलटवायची तयारी, आणि मग बदल. "एका संध्याकाळचं काम" हे समर्थन नाही, तीच तर भीती आहे.

गंगापूर_नाका

यंत्राचा दोष नकाशाच्या माथी का? मर्यादा म्हणजे गाडी प्रत्यक्षात धावते तो वेग नव्हे. कायद्याने 70 असेल तर 70 लिहिणं खरं आहे. ओएसआरएमने रस्त्याची रुंदी, वळणं बघावीत. सॉफ्टवेअरला बरं वाटावं म्हणून माहिती लिहू नये, हा आपल्याकडचा जुना नियम आहे.

गल्ल्यांचा मुद्दा मात्र घेतो. वस्तीतले रस्ते वगळू. प्रायमरी, सेकंडरी आणि टर्शरीपुरतं करू.

आडगाव_नाका

"कायद्याने 70" हे इतकं ठाम लिहू नका. मोटार वाहन कायदा 1988, कलम 112. पहिलं पोटकलम कमाल वेग ठरवतं. दुसरं पोटकलम राज्य सरकारला किंवा त्याने अधिकार दिलेल्या प्राधिकाऱ्याला, सुरक्षितता किंवा रस्त्याचं वा पुलाचं स्वरूप बघून, ठरावीक भागात किंवा ठरावीक रस्त्यावर तो आकडा कमी करू देतं. राजपत्रात अधिसूचना काढून आणि कलम 116 खाली पाट्या लावून. बंधन महिनाभरापेक्षा जास्त नसेल तर राजपत्राचीही गरज नाही. म्हणजे केंद्राचा आकडा हे छत आहे. खालचा आकडा रस्त्यागणिक बदलू शकतो आणि तो कळायचा सरळ मार्ग पाटीच.

शिवाय तुमची 2018 ची अधिसूचना मद्रास उच्च न्यायालयाने 2021 मध्ये रद्द ठरवली. त्याचा महाराष्ट्रावर काय परिणाम यावर वकील भांडोत. आपल्यापुरता धडा एवढाच की जो आकडा कोर्टाच्या एका निकालाने हलतो, तो हजारो रस्त्यांवर कोरून ठेवायचा नाही. आकडा न लिहिता प्रकार लिहा. मॅक्सस्पीड:टाइप या टॅगमध्ये देशाचा कोड आणि संदर्भ जातो, आयएन:अर्बन (भारत, शहरी) असा. आकडा एका तक्त्यात राहील, बदलला तर तिथेच बदलेल. आणि जिथे खरोखर पाटी आहे तिथे आकडा लिहून टाइपमध्ये साइन लिहायचं. नंतर येणाऱ्याला कळतं की हा आकडा पाटीवरचा आहे, कुणाच्या मनातला नाही.

द्वारका_चौफुली

यावर माझी हरकत नाही. आकडा नाही म्हणजे मार्ग शोधणाऱ्याचं गणितही बिघडत नाही.

पंचवटी_कारंजा

नाशकात वेग पाटी ठरवत नाही, गतिरोधक ठरवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या आयआरसी 99 या मानकाप्रमाणे गोल गतिरोधक 3.7 मीटर रुंद, 10 सेंटीमीटर उंच, ताशी 25 ने ओलांडायला बनवलेला. आपल्याकडचे निम्मे त्याच्या नात्यातलेही नाहीत. ते बिंदू म्हणून रस्त्याच्या रेषेवर टाका, ट्रॅफिक_काल्मिंगमध्ये हंप. मर्यादेपेक्षा जास्त उपयोग होईल.

सिन्नर_घाट

पाट्यांवरूनच भरायचं ठरलं तर त्यातही चुकायला भरपूर वाव आहे. संपादनं तपासताना जे सापडतं ते लिहितो.

आकडा देवनागरीत टाकणं. या टॅगची नावं आणि त्यातली मूल्यं दोन्ही रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांतच हवीत. मराठी कळफलक चालू राहिला आणि चाळीस देवनागरीत उमटलं तर माणसाला दिसतं, यंत्राला नाही. आकड्यापुढे "किमी" वगैरेही नको. एकक न लिहिता नुसता आकडा म्हणजे ताशी किलोमीटरच.

फोटो. दुचाकीवर किंवा गाडीत कॅमेरा लावून दर सेकंदाला एक फोटो घेतलात आणि वेग 60 असला तर दोन फोटोंमध्ये जवळपास 17 मीटर जातात. पाटी स्पष्ट वाचता येते तो फोटो पाटीच्या बराच अलीकडचा असतो, म्हणून मर्यादा बदलते तिथे रस्त्याची रेषा तोडाल ती फोटोच्या जागी तोडू नका, पाटीच्या जागी तोडा. आणि मॅपिलरीसारख्या रस्त्यांचे फोटो साठवणाऱ्या संकेतस्थळावर यंत्राने ओळखलेली पाटी फोटो न उघडता घेऊ नका. ट्रकच्या मागे वेगनियंत्रकाचा गोल 80 चिकटवलेला असतो. यंत्र त्यालाही पाटी समजतं. आग्रा महामार्गावर असे 80 किती सापडतील बघा, एकही खांबावर नसतो.

रेषा तोडताना बसमार्ग आणि महामार्गाची रिलेशन (एकत्र बांधलेल्या रेषांचे गट) आधी उतरवून घ्या, नाहीतर एक तुकडा रिलेशनबाहेर पडतो. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर जाताना आणि येतानाच्या पाट्या समोरासमोर नसतात. मधल्या साठ-सत्तर मीटरला मॅक्सस्पीड:फॉरवर्ड आणि बॅकवर्ड वेगळे लागतात. फॉरवर्ड म्हणजे रेषा ज्या दिशेने काढली ती दिशा, तुम्ही गेलात ती नव्हे. दुभाजक असेल तर दोन्ही बाजूंच्या रेषा स्वतंत्र आणि एकेरी असतात, तिथे साधा मॅक्सस्पीड पुरतो.

समृद्धीवर तर कुणीतरी हटकून 150 टाकतं, कारण बातम्यांत तो आकडा आला होता. तो संकल्पनाचा वेग, म्हणजे रस्ता ज्या वेगासाठी आखला तो. मोटारीची मर्यादा 120, बसची 100, मालवाहूची 80. म्हणून मॅक्सस्पीड 120 आणि सोबत बस व एचजीव्हीचे (मालवाहू गाड्यांचे) वेगळे टॅग. दुचाकीला तिथे मज्जावच आहे, ते मोटरसायकलच्या टॅगमध्ये नो म्हणून जातं, वेगाच्या टॅगमध्ये नाही.

द्वारका_चौफुली

यात आपल्या उड्डाणपुलाची भर घाला. पाथर्डी फाट्याकडून के. के. वाघ कॉलेजकडे जाताना वर पूल, खाली रस्ता, कडेला सर्व्हिस रोड, आणि हे सगळं दोन्ही दिशांना. पुलाखाली आकाश झाकलेलं असल्याने जीपीएस भरकटतो आणि फोटोचा बिंदू शेजारच्या रेषेवर जाऊन बसतो. स्ट्रीटकंप्लीट हे फोनवरचं ॲप प्रश्न विचारतं तेव्हा अधोरेखित झालेली रेषा पुलाची आहे की खालच्या रस्त्याची, हे नकाशा मोठा करून बघा. रॅम्पच्या तोंडाशी असलेली पाटी सर्व्हिस रोडला लागते की पुलाला, हे फक्त तिचं तोंड कुठे वळलंय त्यावरून कळतं. शंका असली तर पाटी कडेला स्वतंत्र बिंदू म्हणून टाका आणि रेषेला हात लावू नका.

गंगापूर_नाका

ठीक, घाऊक 70 मागे घेतो. हद्दीतल्या टर्शरीपासून वरच्या रस्त्यांना फक्त टाइप, ही सुधारित योजना. पण मग सिंहस्थाच्या कामांचं काय? जागोजागी रस्ते खोदलेत, 20 च्या तात्पुरत्या पाट्या आहेत. पाटी हेच प्रमाण मानायचं तर त्याही भरायच्या. आणि सोसायट्यांच्या फाटकावरचे "वेग 10"?

आडगाव_नाका

तात्पुरतं नको. लोक नकाशा फोनमध्ये उतरवून महिनोन्‌महिने तोच वापरतात. काम संपून पाटी गेली तरी फोन 20 वर ओरडत राहील. सोसायटीची, मंडळाची, नगरसेवकाच्या नावाची पाटी ही कलम 116 ची पाटी नाही. लाल कडेचं वर्तुळ, पांढरा पृष्ठभाग, काळा आकडा, सरकारी खांबावर, एवढंच घ्यायचं. "वाहने सावकाश हाका" ही सूचना आहे, तिच्यात आकडाच नाही. आणि दर वेळी चेक_डेट (पडताळणीची तारीख) लिहा. वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली गेलेली पाटी वर्षभराने कुणाला सापडली नाही, तर ती काढली की झाकली हे तारखेवरून निदान शोधायला घेता येतं.

सिन्नर_घाट

पाटी झाकलेली असेल तर मर्यादा लागू राहते का?

आडगाव_नाका

नकाशात राहू द्यावी. खांब आहे तोवर काढू नये.

गंगापूर_नाका

इथे मी सहमत नाही. चालकाला दिसत नाही ती पाटी नाही. पण त्याहून मोठी अडचण शेवटाची आहे. 40 ची पाटी सुरुवातीला असते. "बंधन समाप्त"ची तिरक्या रेषेची पाटी आपल्याकडे क्वचितच लावतात. मग त्र्यंबक रोडला 40 सुरू झाला असं धरा, तो संपवायचा कुठे? पुढच्या चौकात, पुढच्या पाटीवर, की हद्दीवर?

द्वारका_चौफुली

पुढच्या मोठ्या चौकात. बाजूच्या रस्त्याने आत आलेल्याने पहिली पाटी पाहिलेलीच नसते.

सिन्नर_घाट

पुढच्या पाटीपर्यंत. चौकात तोडलात तर चौकापुढे 40 नाही असा दावा होतो, आणि तो तर कुठल्याच पाटीवर नाही.

द्वारका_चौफुली

मग सातपूर एमआयडीसी मागे टाकून गाडी पार त्र्यंबकेश्वरला पोचेल तरी तुमचा 40 संपणार नाही. चौकात तोडा, पुढच्या तुकड्याचा रकाना रिकामा ठेवा आणि तिथे नकाशावर एक नोट (इतरांसाठी सूचना) टाका. कुणीतरी जाऊन बघेल.