सल्ला हवा: ब्रिटिश मालिकेतला आतल्या गाठीचा धंदेवाला, कोणाचा अभ्यास करू?

भोळा_सांब
नमस्कार मंडळी. मुक्काम स्टॉकपोर्ट, म्हणजे मँचेस्टरच्या अंगणातच. मराठी मंडळाच्या गणपतीत यंदा एकांकिका आहे आणि खलनायक माझ्या गळ्यात पडलाय. पात्र असं: वृद्धाश्रमाचा मालक, गोड बोलून एका आजींचं घर आपल्या नावावर करून घ्यायला बघतो. अडचण माझ्या चेहऱ्याची. बायको म्हणते, तू स्वतः चोरी केलीस तरी लोक तुलाच येऊन सांगतील की चोरी झाली.

दिग्दर्शक म्हणाला, इथल्या सोप, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मालिका बघ, त्यातला एखादा कारस्थानी बिझनेसमन पकड आणि त्याची ढब उचल. आता बघायचा कोणाला?

अटी आधीच सांगतो. टीव्ही लायसन्स (इथे टीव्ही बघायला वर्षाची फी भरतात, ते) नाही आणि घेणार नाही. खर्च शून्य पौंड. हातात तीन आठवडे, रोज फार तर अर्धा तास. आणि खुनी नको, आमच्या एकांकिकेत कोणी मरत नाही, पुढच्या रांगेत पोरं बसलेली असतात.

काळा_चष्मा
माइक बाल्डविन, आयटीव्हीवरची कोरोनेशन स्ट्रीट. विषय संपला.

१९७६ ते २००६, तीस वर्षं तोच नट, जॉनी ब्रिग्ज. लंडनचा गडी मँचेस्टरात येऊन जीन्सचा कारखाना काढतो, पुढे बायकांच्या अंतर्वस्त्रांचा. हातात सिगार, ग्लासात व्हिस्की, आणि समोर जो असेल त्याला कितीला विकता येईल याचा हिशोब डोळ्यांत. जॅकी इन्ग्रॅमशी १९९१ मध्ये लग्न केलं ते आठवडाभर टिकलं. त्याचे व्यवहार कळल्यावर बाईनं त्याच्यावर बंदूक रोखली होती! मी ऐंशीच्या दशकातल्या भागांच्या डीव्हीडी घेतल्या, ३५ पौंड गेले, पण एकेक पेनी वसूल. घेऊन टाक.

भोळा_सांब
धन्यवाद चष्मेवाले. खर्च शून्य असं लिहिलं होतं.

ठमाकाकू_लूटन
अरे सांबा, बीबीसीच्या ईस्टएंडर्समधला इयन बील बघ. १९८५ च्या पहिल्या भागापासून आहे तो. बाकीचे खलनायक येतात, गाजतात, मरतात. हा आपला मासे-बटाट्याच्या दुकानात उभाच. दुकानाचं नाव 'बील्स प्लेस', आणि प्लेस हा इथला एक मासा. तेवढाच त्याच्या स्वभावातला विनोद. होणाऱ्या बायकोनं, मेलनं, लग्न मोडू नये म्हणून स्वतःच्या पोटच्या पोरीला कॅन्सर झालाय असं खोटं सांगितलं होतं त्यानं. लग्न लागलं २००० साल उजाडायच्या रात्री, आणि त्याच रात्री तिला खरं कळलं. तुझ्यासारखाच दिसायला भोळा आहे हो.

लायसन्सचं एवढं काय घेऊन बसलास? २०२५ साली वर्षाला १७४.५० पौंड होते, म्हणजे दिवसाला पन्नास पेन्ससुद्धा नाहीत. आमच्याकडे सासूबाईंनी आल्या आल्या घ्यायला लावलं. त्यांना इंग्रजी येत नाही, पण कोण कोणाला फसवतंय हे माझ्याआधी कळतं.

कलम_४२०
काकू, २०२५ च्या एप्रिलपासूनचा दर बरोबर सांगितलात, पण माणूस 'नको' म्हणतोय. नियम स्पष्ट करतो. कुठलंही चॅनेल थेट चालू असताना बघायचं तर लायसन्स लागतं. बीबीसीच्या आयप्लेअर या ऑनलाइन सेवेवर तर जुना भाग बघायलाही लागतं, म्हणजे ईस्टएंडर्स तिथेच बाद. आयटीव्हीच्या तशाच सेवेवर, आयटीव्हीएक्सवर, थेट प्रक्षेपण सोडून मागचे भाग बघायला लागत नाही, पैसेही नाहीत, फक्त जाहिराती सोसायच्या.

काळा_चष्मा
आयटीव्ही थ्रीवर २०१७ पासून जुनं कोरोनेशन स्ट्रीट लागायला लागलं, १९८६ पासूनचे भाग. बाल्डविन तिथे फुकट दिसला असता. तो फुकट आहे एवढंच म्हणतोय.

कलम_४२०
वेळेवर लावून बघितलं की ते थेट झालं. लायसन्स लागतं. वर लिहिलंय.

काळा_चष्मा
कोणी येऊन बघतंय का घरात?

कलम_४२०
हा प्रश्न बाल्डविनच विचारेल.

ठमाकाकू_लूटन
आमच्या जुन्या घरी दर महिन्याला पत्र यायचं. नावही नसायचं वर, नुसतं 'घरातील रहिवासी'. मी बरीच वर्षं ती पत्रं जपून ठेवली होती, मग पोरानं टाकली. असो.

रंकाळ्याचा_वाघ
भावा, खलनायक म्हणजे कोरोनेशन स्ट्रीटचाच रिचर्ड हिलमन! बाकी सगळे पाणी कम चाय. २००१ मध्ये अल्मा नावाच्या बाईच्या मयताला आला, तिचा कझिन म्हणून. आर्थिक सल्लागार. बायकोला फावड्यानं, शेजारणीला, मॅक्सीनला, लोखंडी पहारीनं, आणि शेवटी २००३ मध्ये गेल आणि पोरांना गाडीत बांधून थेट कालव्यात! त्यानं कबुली दिली तो भाग १.९ कोटी लोकांनी बघितला. लय भारी. नाद खुळा.

कलम_४२०
धाग्यात 'खुनी नको' लिहिलंय. आणि फावड्यानं मारली ती आधीची बायको, पॅट्रिशिया. कालव्यातली गेल ही नंतरची बायको.

रंकाळ्याचा_वाघ
मग काय झालं? हाणामाऱ्या सोडून बघायचं की.

पर्वती_पायथा
धंदेवाला आणि खुनी यात फरक करायला शिका. हिलमन हा खुनी आहे ज्याच्याकडे ब्रीफकेस आहे. धंद्यातला खरा हरामखोर बघायचा तर त्याच मालिकेतला पॅट फेलन, व्यवसाय बिल्डर. २०१६ मध्ये 'कॅलकटा स्ट्रीट'वर फ्लॅट बांधतो म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून अनामत रकमा गोळा केल्या. फ्लॅट नव्हतेच. वीट रचलेली नाही आणि लोक किचनच्या टाइल्स निवडतायत!

हे बघताना मला हसू आलं नाही, कारण आमचं २०११ चं बुकिंग. पुण्यात. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. ब्रोशरमध्ये पोहण्याचा तलाव होता. आज तिथे खड्डा आहे आणि पावसाळ्यात तो तलाव होतो, एवढं आश्वासन मात्र पाळलं गेलं. त्या माणसानं मला पहिल्या भेटीत पेढे दिले होते. फेलनही तसाच: मदतीला आधी धावतो, तुमचा गळका नळ दुरुस्त करून देतो, आणि मग खिशात हात घालतो. तुमच्या खिशात.

रंकाळ्याचा_वाघ
पण फेलनपण खून करतो की दादा. अँडीला तळघरात डांबून ठेवलं ते विसरलात?

पर्वती_पायथा
तो उत्तरार्ध. मी पूर्वार्धाबद्दल बोलतोय.

रंकाळ्याचा_वाघ
मग हिलमनचापण पूर्वार्ध धरा.

बोटीवरचा_बापट
आपण सगळे एक अत्यंत दर्जेदार मालिका विसरत आहात. 'हॉवर्ड्स वे', बीबीसी, १९८५ ते १९९०. दक्षिण किनाऱ्यावरचा बोटींचा कारखाना, रविवारची रात्र, आणि दोन-दोन कारस्थानी उद्योगपती. केन मास्टर्स हा नवश्रीमंत, शर्टाची बटणं उघडी. चार्ल्स फ्रिअर हा खानदानी. तो माणसं संपवतो ती बोर्डाच्या बैठकीत. आम्ही १९८७ साली साउथॅम्प्टनला होतो, मालिका लागली की घरात कोणी बोलायचं नाही. तिथल्या नदीत पुढे मी स्वतः शिडाची बोट चालवली आहे. फोटो आहेत, हवे असल्यास टाकतो.

कलम_४२०
ती सोप नव्हे. सोप वर्षभर चालते. ती दरवर्षी ठरावीक भागांची मालिका होती.

बोटीवरचा_बापट
आपण तेव्हा जन्मला होतात काय?

वांद्रे_ईस्ट_एंडर
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. चालू द्या.

यॉर्कशायरची_सून
कोणी एमरडेल या मालिकेचं नाव घेतलं नाही याचं आश्चर्य वाटलं. फ्रँक टेट १९८९ मध्ये आला, होम फार्मचा मालक, सगळं गाव विकत घेऊ बघणारा. १९९७ मध्ये त्याला हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा किम, त्याची बायको, शांतपणे उभी राहून बघते आणि नंतर पावडरच्या डबीचा आरसा त्याच्या नाकाशी धरते, श्वास चालू आहे का ते बघायला. आमच्याकडे जेवणं थांबली होती. पण कारस्थानाचा कळस त्याच्या मुलाचा, क्रिस टेटचा. त्याला कळतं की आपण मरणारच आहोत, मेंदूत गाठ आहे. तर २००३ मध्ये तो स्वतः विष घेतो, का, तर खुनाचा आळ बायकोवर, चॅरिटीवर यावा म्हणून. स्वतःच्या मरणातूनही वसुली! इतका चिवट हिशोब मी फक्त आमच्या मोठ्या दिरांमध्ये पाहिला आहे.

ठमाकाकू_लूटन
अगं बाई. लग्नात सोनं कमी घातलं म्हणणारे तेच का?

यॉर्कशायरची_सून
काकू, व्यक्तिगत निरोप करते.

भोळा_सांब
मंडळी, आतापर्यंत एक खुनी, एक खुनी पण पूर्वार्धात नाही, एक स्वतःचाच खुनी आणि एक बोट. मला तीन आठवड्यांत आजींकडून कागदावर सही घ्यायचा प्रसंग उभा करायचा आहे हो.

काळा_चष्मा
म्हणूनच बाल्डविन. केन बार्लोसारख्या मास्तराची बायको, डिअर्ड्री, जवळजवळ पळवली त्यानं, पुढे त्याच मास्तराच्या मुलीशी लग्न केलं. १९८३ मध्ये डिअर्ड्रीनं नवऱ्याकडेच राहायचं ठरवलं, त्या संध्याकाळी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि आर्सेनलचा सामना चालू होता, तर ही बातमी तिथल्या स्कोअरबोर्डवर झळकली! आणि शेवटी हा मेला कोणाच्या मिठीत? त्याच बार्लोच्या. स्मृतिभ्रंश झालेला, कारखान्यासमोर, रस्त्यावर, 'डिअर्ड्री माझी आहे' म्हणत. मी तेव्हा रडलो होतो, सांगायला लाज नाही.

पर्वती_पायथा
यात आजींची सही कुठे आली?

मुकी_बाहुली
पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. मी लीड्सला हौशी नाटकांत काम करते. वाघभाऊंचं उत्तर बरोबर आहे, कारण मात्र वेगळं. तुम्ही हिलमनचे २००२ चे भाग बघा, एमिली बिशपच्या घरातले. ती एकटी म्हातारी, आणि हा तिला समजावतो की घरावर पैसे घ्या, राहा त्याच घरात, मजेत राहा. तुमचीच गोष्ट आहे. तो आवाज चढवत नाही. कागद पुढे सरकवून स्वतः मागे सरकतो, घाई अजिबात नाही असं दाखवतो. सासूला, ऑड्रीला, तर ती विसरभोळी होत चाललीय असं तिलाच पटवून देतो, तेही काळजीच्या सुरात. भोळा चेहरा ही तुमची अडचण नाही, तेच भांडवल आहे. चेहऱ्यानं खलनायक करायला जाऊ नका.

मालिकेच्या अधिकृत यूट्यूब वाहिनीवर प्रसंगांचे तुकडे असतात, तेवढे पुरतील. प्रत्येक तुकडा एकदा आवाज बंद करून बघा, फक्त हात बघा.

रंकाळ्याचा_वाघ
हेच तर मी म्हणत होतो!

कलम_४२०
तुम्ही फावडं म्हणत होता.

बोटीवरचा_बापट
फ्रिअरही आवाज चढवत नसे. फोटो टाकू का?

वांद्रे_ईस्ट_एंडर
एक भाबडा प्रश्न. आपला देव अलाहन कसा काय सुटला? कोरोनेशन स्ट्रीटवरचा दुकानदार, १९९९ पासून आहे. दुकानांची साखळी, आणि त्या दुकानांतल्या बायकांपासून झालेली पोरं बायकोपासून, सुनीतापासून लपवलेली. देशी माणूस, नक्कल करायला सोपा.

ठमाकाकू_लूटन
'आपला' म्हणजे काय रे? कोपऱ्यावरचं दुकान आणि देशी माणूस, एवढंच दिसतं का यांना? आमच्या ह्यांनी लूटनला सतरा वर्षं दुकान चालवलं. कारस्थान करायला वेळ कुठून आणणार, पहाटे पाचला पेपरचे गठ्ठे यायचे.

वांद्रे_ईस्ट_एंडर
काकू, हलकेच घ्या. माघार.

यॉर्कशायरची_सून
काकूंशी सहमत. बाहुलीच्या प्रतिसादाला +१. क्रिस टेटही बघाच मात्र.

पर्वती_पायथा
बाहुलीताईंचा मुद्दा मान्य. फेलनच्या बाबतीतही मी हेच लिहिलं होतं, नळाचा दाखला देऊन. कोणी वाचलं नाही.

भोळा_सांब
(आठ दिवसांनी) मंडळी, ठरलं. सगळ्यांचे आभार.

मुकी_बाहुली, तुमचा सल्ला सोनं आहे. हिलमनचे तुकडे पाहिले, हात पाहिले, मंगळवारी तालमीत तसंच केलं. कागद हळूच सरकवला, मागे सरकलो, गोड कुजबुजलो. चौथ्या रांगेतून दिग्दर्शक ओरडला, "चालू झालं की सांगा!" कोणाला काही ऐकूच गेलं नव्हतं. चर्चचा जुना हॉल आहे, छत उंच, मागे चहाच्या भांड्यांचा खणखणाट.

तर हिलमनचे तुकडे बघता बघता फ्रेड एलियट सापडला. त्याच गल्लीतला खाटीक, १९९४ ते २००६, नट जॉन सॅव्हिडंट. देह दाराएवढा, आवाज भोंग्यासारखा, आणि बोललेलं वाक्य मध्ये 'आय से' घालून पुन्हा बोलायची खोड. मी घरी म्हणून पाहिलं: "आजी, सही करा. म्हणतो मी, सही करा आजी!" बायको स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली. तालमीतही हशा पिकला, शेवटच्या रांगेपर्यंत. फ्रेडच करणार.

कलम_४२०
फ्रेड कारस्थानी नव्हे. तो प्रेमळ खाटीक होता.

भोळा_सांब
स्वतःच्या मुलाला, अ‍ॅशलीला, वर्षानुवर्षं भाचा म्हणवलं त्यानं. आमच्या मंडळात तेवढं कारस्थान पुरतं.

रंकाळ्याचा_वाघ
म्हणजे आम्ही एवढं टंकलं ते कशाला?

बोटीवरचा_बापट
ज्यांना रस असेल त्यांच्यासाठी फोटो वेगळ्या धाग्यात टाकत आहे.

मुकी_बाहुली
सांबदादा, हॉलमध्ये माइक लावून घ्या ना! कुजबुज मग शेवटपर्यंत पोचते.

भोळा_सांब
आमच्याकडे माइक एकच आहे ताई, आणि तो अध्यक्षांकडे असतो.

काळा_चष्मा
माइक एकच. पहिल्याच प्रतिसादात मी दुसरं काय सांगत होतो?