समेट झाला की केस निकाली? मूल्यमापन नक्की कशाचं करायचं?

केजकरीण (बीड जिल्हा):
आमच्या तालुक्यात पोलीस, संरक्षण अधिकारी, सरकारी दवाखाना, आशा-अंगणवाडीताई, विधी सेवेचे वकील आणि बचत गटाच्या बाया मिळून घरगुती हिंसाचाराच्या केसेस बघतो. आता पैसे देणाऱ्यांना अहवाल पाहिजे. तक्त्यातले रकाने: बैठका किती, प्रशिक्षणं किती, तक्रारी किती, निकाली किती.

निकालीत आम्ही समेट धरतो. आणि समेट सगळ्यात जास्त होतात कधी? दसऱ्याच्या तोंडावर! ऊसतोडीची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवरा-बायकोच्या जोडीवर घेतलेली असते, बाई माहेरी बसली की कोयता, म्हणजे ती जोडी, मोडला. मग उचल देऊन मजूर नेणारा मुकादम गाडी घेऊन माहेरी हजर, सासू रडते, भाऊ म्हणतो जा बाई. ठाण्यात सही होते आणि ती ऊसतोडीच्या फडावर. कागदोपत्री केस संपली.

हे यश म्हणून लिहायचं जिवावर येतं. कुणी असलं मूल्यमापन धडपणे केलंय का?

वकीलबाई, नांदेड:
समेटाचा आकडा द्या, फक्त यशाच्या रकान्यात नको. खरं काय ते तारखांत दिसतं. २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याचं कलम १२ म्हणतं, पहिली तारीख साधारण ३ दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत देण्याचा प्रयत्न. जुन्या फायली काढून बसा. बाई ठाण्यात आली कधी, डीआयआर (घरगुती घटनेचा अहवाल) भरला कधी, कोर्टात पोचला कधी, नोटीस बजावली कधी. आमच्याकडं सगळे कोर्टाच्या नावानं बोटं मोडत होते. फायली चाळल्यावर निघालं की नोटीसच बजावलेली नाही. शेरा काय, तर ‘इसम बाहेरगावी’. इसम चौकात चहा पीत बसलेला.

दुसरं, संरक्षण आदेश मोडला तर कलम ३१ खाली १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आदेश किती निघाले ते सगळे छाती फुगवून सांगतात. मोडल्यावर गुन्हे किती नोंदवले, ते विचारा.

आशा, गंगाखेड:
वरून सांगतात फोनवर पाठपुरावा करा. फाईलीत नंबर नवऱ्याचा असतो की! एकीला असाच फोन गेला, ‘त्रास थांबला का?’ उचलला त्यानंच. रात्री काय झालं ते मला लसीकरणाला कळलं, तिनं बाही सारली तेव्हा. तेव्हापासून आम्ही अंगणवाडीत वजनकाट्यापाशीच विचारतो, लेकरू झोळीत असतं, सासू लांब बसलेली असती. ‘मारतो का’ असं नाही विचारत. पैसे कुणापाशी राहतात, माहेरी बोलू देतात का, रात्री झोप लागती का. त्यातून सगळं कळतं.

आणि एक. तक्रारी वाढल्या म्हणून आम्हालाच बोलायलेत. वाढणारच ना, आधी बाया उंबरा ओलांडतच नव्हत्या.

केजकरीण:
ताई, नंबर कुणाचा हा रकाना आजच घालते. बैठकीत एकानं सुचवलंय की मुकादमालाही समितीवर घ्या, त्याचा शब्द चालतो.

वकीलबाई, नांदेड:
अजिबात नको. त्याचे पैसे त्या जोडीत अडकलेत, तो बाईचं काय बघणार? उलट प्रत्येक समेटापुढं लिहा: बोलणी कुणी केली, उचल किती बाकी होती, बाईशी एकटीशी कोण बोललं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर तो समेट मोजूच नका.

आणि फडावर गेली म्हणून फाईल बंद करू नका. कलम २७ प्रमाणे तात्पुरती जिथं राहते तिथल्या कोर्टातही तिला अर्ज करता येतो, आणि आदेश देशभर चालतो. कारखाना कुठला ते लिहून ठेवा, तिथल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवलं का तेही.

केजकरीण:
कारखाना कुठला हे बऱ्याच बायांना गाडीत बसेपर्यंत माहीत नसतं. मुकादमाचं नाव मात्र प्रत्येकीला पाठ असतं. त्यावरून शोधता येईल, गाड्या हलायच्या आत यादी करायला घेते.